मदत हवी आहे : मादी कॅमेलिऑन सतत खाली उतरून माती उकरतेय

आम्ही डॅलसला असतो, घरी येमेनी (व्हेल्ड) कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, मादी, साधारण वर्षाची. एरवी दिवसभर फांदीवर ढिम्म बसणारी ही बाई या आठवड्यात सारखी पिंजऱ्याच्या तळाशी फिरतेय, जाळीवर चढतेय, कोपरे उकरतेय. पोट दोन्ही बाजूंनी गाठीगाठींचं दिसतंय, रंग गडद झालाय, खाणं जवळजवळ बंद, पण पाणी पितेय.

नर कधीच जवळ आला नाहीये, तरी या जातीत नराशिवायही अंडी होतात हे माहितीये. म्हणून खोल बादलीत ओलसर वाळू नि माती भरून ठेवलीय, भोक केलं तर ढासळत नाही इतपत ओली. बाहेरून चादरही लावलीय, कारण कोणी बघत असलं की ही खणणं सोडते. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, कॅल्शियम पावडर नेहमीचंच चालू आहे.

पण खड्डा अर्धवट सोडून परत वर जाते, अंडी काही नाहीत. डोळे उघडे आहेत, पकडही घट्ट आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सोमवारची मिळालीय, इमर्जन्सीवाला बराच लांब आहे आणि एवढ्या प्रवासाचा ताण आत्ता नको वाटतो.

ज्यांच्याकडे मादीने अंडी घातलीयत त्यांनी सांगा, असं खणून सोडणं किती दिवस नॉर्मल, आणि अंडी अडकलीयत म्हणून सोमवारची वाट न बघता लगेच न्यायचं हे नेमकं कशावरून ठरवू?