हार्नेस वाटले म्हणजे ट्रेनिंग झालं नाही

कोणी म्हणतं, बांधकामावर हार्नेस (उंचीवरून पडताना माणसाला दोरीने अडवणारे अंगावरचे पट्टे) वाटून सह्या घेतल्या की ट्रेनिंग पूर्ण. अजिबात नाही. हिशोब बघा: दोरी 1.8 मीटर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर (पडतानाचा झटका शोषत लांबणारी पट्टी) उघडून साधारण 1.75, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड, राखीव एक. म्हणजे अँकरखाली, हुक अडकवतो त्या जागेखाली, सहा मीटर मोकळे हवेत. तीन मीटरच्या स्लॅबवर हुक पायाशी लावला, तर दोरी ताणायच्या आत माणूस जमिनीवर! हुक डोक्याच्या वर, पक्क्या जागी. बांबूच्या परांचीला कधीच नाही.

सुपरवायझरला मात्र पडून हार्नेसमध्ये लटकलेल्याला उतरवणं शिकवा, तेही प्रत्यक्ष करून. मांडीचे पट्टे आवळून रक्त पायात साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. मुंबईच्या ट्रॅफिकमधून अग्निशमन दल येईपर्यंत थांबता येत नाही.