केफ्री_आरसीयूची चाचणी: मेमरी फूटप्रिंट उणे कसा काय येतो?

प्रश्न

लिनक्स कर्नलमध्ये केफ्री_आरसीयूमार्फत, म्हणजे आधीचे सगळे वाचक बाजूला होईपर्यंत थांबून मग, मेमरी मोकळी करण्याचा खर्च मोजण्यासाठी मी 16 कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर आरसीयूस्केल हे वेग मोजणारे मोड्यूल चालवत आहे. पॅरामीटर मूळचेच ठेवले आहेत, म्हणजे दर कोअरला एक थ्रेड, आणि प्रत्येक थ्रेडला 8000 ऑब्जेक्टच्या 10 फेऱ्या. एकूण वेळ दर खेपेला निराळा येतो, आणि मेमरी फूटप्रिंटचा, म्हणजे चाचणीत अडकलेल्या मेमरीचा, आकडा एकदा तर चक्क उणे आला. हे आकडे अहवालात द्यावेत का?

उत्तर 1

आताच देऊ नका. फूटप्रिंटचा आकडा मेमरीवापराचा उच्चांक दाखवत नाही. सुरुवातीची उपलब्ध मेमरी आणि मध्ये मध्ये घेतलेल्या नोंदींची सरासरी यांतला तो फरक असतो, आणि नोंदी संपूर्ण यंत्रणेच्या असल्यामुळे त्याच वेळी दुसऱ्या कोणी मेमरी सोडली, तर तो उणे होतो. शिवाय तुमची चाचणी फार लहान आहे. 8 बाइटांची माहिती आणि 16 बाइटांचे आरसीयू हेड (मोकळे करण्याच्या रांगेत लावण्यासाठीची नोंद) असे 24 बाइटांचे ऑब्जेक्ट स्लॅबमध्ये (कर्नलच्या ठरावीक मापांच्या मेमरीसाठ्यात) 32 बाइट अडवते; त्या हिशेबाने एकही ऑब्जेक्ट मोकळे झाले नाही असे धरले, तरी सगळे मिळून 41 मेगाबाइटच्या आतच राहते. फेऱ्या निदान 10 हजारांवर न्या.

वेळेबद्दलही सावध राहा. शेवटच्या थ्रेडची शेवटची फेरी संपली की घड्याळ थांबते. पुढे ढकललेली मेमरी खरोखर मोकळी होईपर्यंत ते थांबत नाही. त्यातून नव्या कर्नलमध्ये बॅच (मोकळ्या करायच्या ऑब्जेक्टांचा गठ्ठा) 5 सेकंद राखून ठेवली जाते, म्हणून तुमच्या चाचणीत मोकळे करण्याचे काम बहुधा सुरूच झाले नसावे.

उत्तर 2

वरचे शेवटचे वाक्य सोडून बाकी सर्व पटले. 5 सेकंदांची मुदत तुरळक वापरासाठी आहे, कारण फोन किंवा लॅपटॉप निवांत असताना त्याला वारंवार जागे करण्यात वीज वाया जाते. मेमरीच्या एका पानात मावतात तितके, म्हणजे सुमारे 500 पॉइंटर (ऑब्जेक्टांचे पत्ते) साचले की ही मुदत एका जिफीवर, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या एका ठोक्यावर येते. या चाचणीत ऑब्जेक्टचा नुसता पूर असतो, त्यामुळे 5 सेकंदांचा मार्ग तिच्यात तपासलाच जात नाही.

तुलनेसाठी त्याच कर्नलवर केफ्री_बाय_कॉल_आरसीयू हा पर्याय (केफ्री_आरसीयूऐवजी कॉल_आरसीयू वापरणारा) लावून दुसरी खेप घ्या, आणि वेळेइतकेच लक्ष ‘बॅचेस’ या आकड्याकडे द्या. चाचणीच्या काळात किती ग्रेस पीरियड (आधीचे वाचक संपेपर्यंतचे थांबे) उलटले, हे तो सांगतो. केसॅनसारखी मेमरीतल्या चुका शोधणारी तपासणीची साधने बंद आहेत याची खात्री करा. होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ संगणकावर) कोअरची ओढाताण असेल, तर एखादा व्हर्च्युअल कोअर मध्येच थबकतो आणि तुमचा एकूण वेळ हकनाक ताणला जातो.

प्रश्नकर्ता

केसॅन सुरूच होते, हे आत्ता कॉन्फिग उघडल्यावर दिसले. ते काढून, व्हर्च्युअल कोअर होस्टच्या ठरावीक कोअरांना बांधून आणि फेऱ्या वाढवून दोन्ही प्रकारांच्या प्रत्येकी पाच खेपा घेतो. फूटप्रिंटचा रकाना तोवर अहवालातून वगळतो.