अनुभव धागा: इंग्रजी वाक्यात 'ओल्ड' नेमका कुठे अडतो?

'ओल्ड' प्राथमिक शाळेत भेटतो आणि पदवीच्या पेपरातही चुकतो. शिकवणाऱ्या, मुद्रितं तपासणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या मंडळींनी हाताखालून जाणाऱ्या नेमक्या चुका लिहाव्यात. व्याकरणाच्या व्याख्या नकोत, वाक्यं द्या.

मराठी माध्यमात इंग्रजी शिकवते
'माय एज इज टेन इयर्स ओल्ड' ही हमखास चूक. 'एज' आणि 'ओल्ड' एकत्र दिसले की एकाला काढायचं: 'माय एज इज टेन' किंवा 'आय ॲम टेन इयर्स ओल्ड'. नुसतं 'आय ॲम टेन' चालतं, 'आय ॲम टेन इयर्स' मात्र अर्धवट. आणखी एक गोम: आपल्याकडे 'दहावं चालू आहे' म्हणतात, तेव्हा इंग्रजीत मूल 'नाइन इयर्स ओल्ड' असतं. फॉर्म भरताना पालक इथेच घसरतात.

मुद्रितशोधन
नामाआधी आलं की 'इयर्स'चा 'एस' जातो आणि दोन संयोगचिन्हं लागतात: 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'. नामानंतर 'एस' परत येतो, चिन्हं जातात. आधीचं 'अ' की 'ॲन' हे आकड्याच्या उच्चारावर ठरतं, म्हणून 'ॲन एट-इयर-ओल्ड', 'ॲन इलेव्हन-इयर-ओल्ड'. पहिलं चिन्ह गाळलं तर काय होतं पाहा: 'ट्वेंटी-इयर-ओल्ड हॉर्सेस' म्हणजे वीस वर्षांचे घोडे, 'ट्वेंटी इयर-ओल्ड हॉर्सेस' म्हणजे एकेक वर्षाची वीस शिंगरं. आकडा अंकात असला तरी हेच: '20-इयर-ओल्ड'. बातम्यांत सगळ्यात जास्त मार याच चिन्हाला बसतो.

भाषांतर
जागा बदलली की अर्थ फिरतो. 'ॲन ओल्ड फ्रेंड' हा जुना मित्र, पंचविशीतलाही असेल. 'माय फ्रेंड इज ओल्ड' म्हटलं की तो म्हातारा झाला. 'माय ओल्ड हाऊस' बहुधा आधीचं घर. आताच्या घरापेक्षा ते नवं बांधलेलंही असू शकतं. 'अवर ओल्ड स्टूडंट' इथे 'माजी' लिहा, 'जुना विद्यार्थी' वाचवत नाही. 'ओल्ड गोवा' मात्र आपल्याकडेही जुनं गोवंच.

वरच्यात भर: 'एल्डर' फक्त माणसांना, तेही बहुतेक नात्यात आणि नामाआधी. 'माय एल्डर सिस्टर' बरोबर, 'शी इज एल्डर दॅन मी' नाही. तिथे 'ओल्डर दॅन'. 'एल्डर टू मी' हे 'सीनियर टू'च्या चालीवर आलेलं, परीक्षेत टाळा. फरक सांगायचा तर तो आधी: 'टू इयर्स ओल्डर दॅन मी'.

पुन्हा शाळेतून, एवढंच
'द ओल्ड' म्हणजे सगळी वृद्ध मंडळी, क्रियापद अनेकवचनी: 'द ओल्ड नीड केअर'. एकाच आजोबांसाठी 'ॲन ओल्ड मॅन'. सूचनाफलकावर यातलं काहीच नको, 'सीनियर सिटिझन्स' लिहा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या 2007च्या भारतीय कायद्यातही साठीपासून पुढच्यांना हाच शब्द आहे.