ताऱ्यांच्या निर्मितीवर संशोधन करायचे तर आधी प्रश्न निवडावा की रेडिओचे तंत्र?

नवखा_निरीक्षक
मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि पीएच.डी.साठी ताऱ्यांच्या निर्मितीचा विषय घ्यावा असे मनात आहे. चौकशी केली तेव्हा दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले. एकाच्या मते आधी रेडिओ निरीक्षणाचे तंत्र पक्के करावे, विषय मागून येतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की एकाच तरंगलांबीला बांधून घेतलेला संशोधक लवकरच मागे पडतो. प्रत्यक्ष काम केलेल्यांचा अनुभव काय आहे? शिवाय, तारे डोळ्यांना दिसत असताना त्यांच्या जन्माच्या अभ्यासात रेडिओ दुर्बिणीला एवढे महत्त्व का?

कृष्णमेघ
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. तारा दिसू लागतो तोवर त्याच्या जन्माची कथा बरीचशी उरकलेली असते. ती घडते १० ते २० केल्विन इतक्या थंड रेण्वीय मेघांत, आणि तिथली धूळ दृश्य प्रकाश अडवून धरते. त्याहून मोठी अडचण अशी की हे मेघ मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात, पण हा रेणू सममित असल्यामुळे त्याला विद्युत द्विध्रुव (धन आणि ऋण भारांची विभागणी) नसतो, म्हणून तो सहजी प्रारण सोडत नाही. त्याला किमान पातळीवर उत्तेजित करायलाही सुमारे ५०० केल्विनच्या तोडीची ऊर्जा लागते, ती एवढ्या गार वायूत येणार कुठून? त्यामुळे साक्ष दुसऱ्याच रेणूंची घ्यावी लागते. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या दिशेने कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातील २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेषा टिपली आणि तिथून या क्षेत्राचा नकाशाच बदलला. त्याआधी १९६८ मध्ये अमोनिया सापडला होता; त्याच्या रेषांच्या परस्पर तीव्रतेवरून वायूचे तापमान काढता येते, म्हणून आम्ही त्याला थर्मामीटरच म्हणतो.

तरंगलांबी
मी तंत्राच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण माझीच एक फजिती आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी २२ गिगाहर्ट्झच्या निरीक्षणात मला एक अरुंद, उंच शिखर दिसले. पाण्याचा मेसर, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी लेसरसारखी वाढवलेली रेडिओ लहर, याच पट्ट्यात असतो, त्यामुळे नवजात ताऱ्याजवळचा मेसर सापडला असे समजून मी निबंधाचा मसुदाही लिहायला घेतला. दोन महिन्यांनी तेच निरीक्षण पुन्हा केले तेव्हा शिखर अगदी त्याच वारंवारतेवर उभे होते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणून आकाशातून येणारी रेषा एवढ्या काळात थोडीतरी सरकायला हवी होती. सरकली नाही, याचा अर्थ ती इथलीच, माणसाने निर्माण केलेली होती. तेव्हापासून मी कच्चा डेटा हाताने तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

कॅलिब्रेशनही, म्हणजे मोजमाप ज्ञात स्रोताशी ताडून दुरुस्त करणेही, असेच आहे. दर काही मिनिटांनी अँटेना एका ज्ञात स्रोताकडे वळवून कलांचे (लहरींच्या पुढे-मागे असण्याचे) आलेख पाहायचे, आणि एखाद्या अँटेनाची कला भरकटलेली दिसली तर दोष यंत्राचा की वरच्या हवेतल्या बाष्पाचा, हे ठरवायचे. अँटेनांच्या जाळ्याला मोठ्या, पसरट रचना दिसतच नाहीत, हेही विसरता कामा नये; तंत्र न शिकता तयार प्रतिमा वापरणारा त्यावरून मेघाचे वस्तुमान कमी ठरवून मोकळा होतो.

प्रारणदाब
तरंगलांबी यांचे सगळे खरे असले तरी केवळ तंत्राच्या बळावर तीस-चाळीस वर्षे काढता येत नाहीत, असे माझे मत आहे. या क्षेत्राला धरून ठेवणारा प्रश्न जुना आहे. आकाशगंगेतील रेण्वीय वायू गुरुत्वाने अडथळ्याविना कोसळला असता तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मले असते. प्रत्यक्षात हा दर वर्षाला दोन सूर्यांच्या आसपास आहे. १९७४ मध्ये झुकरमन आणि इव्हान्स यांनी मेघ असे सरसकट कोसळत नसावेत असा युक्तिवाद केला, आणि वायूतील खळबळ, चुंबकीय क्षेत्र, नवजात ताऱ्यांचे झोत यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर आजही वाद आहे. हा प्रश्न डोक्यात असलेला माणूस आज सेंटिमीटर लहरी, उद्या मिलिमीटर आणि परवा अवरक्त निरीक्षणे वापरतो. २०१४ मध्ये अल्मा या चिलीतील रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतील कडी दाखवली, तेव्हा तबकडीचा सिद्धांत जाणणाऱ्यांना त्यांचा अर्थ लगेच लावता आला. दहा लाख वर्षांहूनही तरुण ताऱ्याभोवती एवढी रचना असेल, अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरची, दोन-तीन वर्षांची नेमणूक संपत आली की निवड समितीही हेच विचारते: तुमचा प्रश्न कोणता?

नवखा_निरीक्षक
सर्वांचे आभार. मार्गदर्शक ठरण्यापूर्वी, पुढच्या काही महिन्यांत हाताशी काय घ्यावे?

तरंगलांबी
अल्माचा डेटा साधारणतः वर्षभरानंतर सर्वांना खुला होतो. एखाद्या नवजात ताऱ्याचा लहानसा संच उतरवून घ्या आणि त्यावरील प्रसिद्ध निबंधातील कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा स्वतः कॅलिब्रेशनपासून तयार करून पाहा. तो जुळला नाही तर इथे आलेख टाका. कला कुठे घसरली ते आपण एकत्र शोधू.