मदत हवी आहे: पावसाळ्यात छोटा तपकिरी होला जातो कुठे?

सासवड-जेजुरीकडच्या बोरी-बाभळींच्या माळावर छोटा तपकिरी होला (कबुतराच्या कुळातला लहान पक्षी) नेहमीचा. खाणं कोरडं बी, म्हणून रोज पाण्यावर उतरावंच लागतं. मग पावसात जागोजागी डबकी साचली की हे पक्षी माळावरच विखुरतात, की दुसरीकडे सरकतात? जून ते सप्टेंबर, दर आठवड्याला एकाच पाणवठ्यावर सकाळी 7 ते 8 मोजणी करून आकडे कळवाल का? एकही दिसला नाही तरी शून्य लिहा, ती नोंद फार मोलाची आहे. ओळखताना गळा बघा: तांबूस पट्ट्यावर काळी नक्षी, पाठ साधी तपकिरी. मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर तो ठिपकेवाला होला. कोवळ्या पक्ष्यांना ही नक्षी नसते आणि नोंदी तिथेच चुकतात. अशा वेळी फोटो जोडाच.