'रूल ऑफ थंब' : अर्थ आणि चिकटलेली दंतकथा

'रूल ऑफ थंब' म्हणजे शास्त्राने काटेकोर सिद्ध केलेला नसला, तरी व्यवहारात बहुतेक वेळा बरोबर ठरणारा, अनुभवातून आलेला नियम. चक्रवाढ व्याजाने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे काढण्यासाठी ७२ ला व्याजदराने भागतात, तो अशांपैकीच एक. दर ८ टक्के असला की उत्तर ९ वर्षे येते आणि ते जवळजवळ तंतोतंत असते. परंतु दर ३६ टक्के धरला तर हिशेबाने २ वर्षे येतात, प्रत्यक्षात मात्र तेवढ्या काळात १०० चे सुमारे १८५ च होतात. या मर्यादेसकट विचार केला तर 'ठोकताळा' हा मराठी शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. 'अंदाजपंचे' मुळीच चालणार नाही, कारण त्यात बेफिकिरी आहे. ('थंब रूल' हा उलटा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो आता सुधारत बसण्यात अर्थ नाही.)

हा प्रयोग सतराव्या शतकापासून सापडतो. १६५८ साली वारलेले स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स डरॅम यांची प्रवचने १६८५ मध्ये छापली गेली. त्यांत अंदाजाने आणि अंगठ्याच्या मापाने घर बांधणाऱ्या मूर्खांचा उल्लेख येतो. म्हणजे तेव्हा या शब्दांत कौतुक नव्हते, उलट ठपकाच होता. मोजपट्टी हाताशी नसताना अंगठ्याच्या रुंदीने इंच मोजण्याशी त्याचा संबंध जोडणे सरळ वाटते. फ्रेंच आणि डच भाषांत अंगठा व इंच यांना आजही एकच शब्द आहे.

याउलट, अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याची मुभा देणाऱ्या इंग्लिश कायद्यातून हा वाक्प्रचार आला, ही कथा टिकत नाही. असे मत न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांच्या नावावर १७८२ मध्ये घातले गेले आणि जेम्स गिलरे यांनी 'जज थंब' म्हणून त्यांचे व्यंगचित्रही काढले, पण तसा निकाल कोणत्याही नोंदीत नाही. शिवाय तोवर हे शब्द शंभर वर्षे जुने झाले होते.

अर्थात मारहाणीला न्यायालयांनी पाठीशी घातल्याचा इतिहास खोटा ठरत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात १८६८ मध्ये, काठी अंगठ्यापेक्षा बारीक होती या कारणावरून खालच्या न्यायालयाने पतीला सोडले. वरिष्ठ न्यायालयाने तो नियम अमान्य केला, तरी घरगुती बाबीत पडायचे नाही म्हणून सुटका कायम ठेवली. १८७४ मध्ये त्याच न्यायालयाने पतीला असा कोणताही अधिकार नसल्याचे स्पष्ट केले. 'रूल ऑफ थंब' हे शब्द या दोन्ही निकालांत नाहीत. ही सांगड १९७० च्या दशकात घातली गेली आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने पीडित पत्नींविषयीच्या अहवालाच्या शीर्षकातच हे शब्द वापरल्याने ती पक्की झाली. तेव्हापासून काही लेखक हा प्रयोग टाळतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तसे करण्याचे कारण नाही.