संग्रहाच्या फाइली कॉम्प्रेस करताना (दाबून लहान करताना) संगणकाचे सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग, लावावेत की एकच?

अंत्रुजकर
गावोगावच्या उत्सवी नाटकांच्या वह्या, हँडबिलं, मंडळांचे जमाखर्च आता लोक आपण होऊन स्कॅन करू लागलेत. फार मोलाचं काम आहे हे. पण स्कॅननंतर जे चालतं ते मला पटत नाही. सगळी पानं एका टार फाइलमध्ये बांधायची, एक्सझेड या कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामची सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत घट्ट दाबणारी, पातळी लावायची आणि आठ कोअरच्या मशीनवर एकच कोअर रात्रभर राबवायचा. का, तर समांतर, म्हणजे अनेक कोअरवर एकदम, कॉम्प्रेस केलं की फाइल मोठी होते!

होते, थोडी. कारणही साधं आहे. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडलेली पद्धत मागे येऊन गेलेला मजकूर शोधते आणि तो पुन्हा लिहिण्याऐवजी 'इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल' एवढंच नोंदवते. जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड ही सगळी त्याच घराण्यातली. म्हणजे प्रत्येक बाइट मागच्या बाइटवर अवलंबून. काम वेगवेगळ्या कोअरना वाटायचं तर फाइल कापावी लागते, आणि प्रत्येक तुकडा मागची ओळख नसताना कोरा सुरू होतो. तेवढी वाढ होणारच. तुकडे मोठे ठेवले तर ती नगण्य असते.

माझं म्हणणं असं की संग्रहासाठी हे कापणंच हिताचं आहे. एकसंध फाइलमध्ये मध्येच एक बिट बिघडला तर त्यापुढचं सगळं जाऊ शकतं. तुकडे स्वतंत्र असतील तर नुकसान त्या तुकड्यापुरतं. ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. एक्सझेड नेहमीच्या सहाव्या पातळीवर समांतर चालवलं तर एक ब्लॉक, म्हणजे तुकडा, २४ एमबीचा, म्हणजे जवळपास एक पान. बीझिप२ या दुसऱ्या प्रोग्रामचा ब्लॉक जास्तीत जास्त ९०० केबीचा, म्हणजे त्याच पानाची जेमतेम एक सेंटीमीटर उंचीची पट्टी. आपल्याकडच्या दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात डिस्क ठेवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. वेग हा त्यावरचा नफा.

फर्मागुडी
अंत्रुजकर, कळकळ मान्य, पण 'समांतर म्हणजे स्वतंत्र तुकडे' हे समीकरण मुळातच सरसकट खरं नाही, आणि लोक ते तसंच उचलतील म्हणून लिहितो.

पिगझ घ्या. जीझिपच्या मूळ कर्त्यांपैकी मार्क अॅडलर यांनीच लिहिलेली ही समांतर आवृत्ती. ती १२८ केबीचे तुकडे पाडते, पण फाइल वाढू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला आधीच्या तुकड्याचे शेवटचे ३२ केबी शब्दकोश म्हणून, म्हणजे मागे बघायला संदर्भ म्हणून, देते. म्हणजे मूळ पर्याय वापरला तर तुकडे एकमेकांत गुंतलेलेच राहतात. स्वतंत्र हवे असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. झेडस्टँडर्डचंही तसंच: अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावले तरी बाहेर एकच सलग फ्रेम येते, आणि आतले भाग मागच्या भागाचा आधार घेतात. तुम्ही सांगता ते संरक्षण तिथे नाही.

एक्सझेडचे ब्लॉक स्वतंत्र असतात, पण नेहमीची आज्ञा पहिल्या बिघडलेल्या ब्लॉकवर थांबते. पुढचे ब्लॉक धड असूनही सामान्य माणसाच्या हाती काही लागत नाही. मग कोअर लावले काय आणि न लावले काय?

शुक्रवारचा_बाजार
मला तर प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. संग्रह म्हणजे हजारो फाइली. एका फाइलला एक कोअर द्या, आठ फाइली एकदम चालू करा. एकही फाइल कापावी लागत नाही, आकार जराही वाढत नाही, आठही कोअर कामाला लागतात, आणि एक फाइल बिघडली तर एकच पान जातं. समांतर प्रोग्राम हवाच कशाला? मुळात सगळं एका टारमध्ये कोंबायची सवय सोडा. ती टेपच्या जमान्यातली आहे.

शिवाय यूएसबीच्या फिरत्या डिस्कवरून वाचत असाल तर झेडस्टँडर्डची तिसरी पातळी एका कोअरवरही डिस्कला मागे टाकते. तिथे आठ कोअर लावून डिस्कची वाट बघणारे आठजण तयार होतील.

साखळीकर
बाजारबाब, तुमचं पहिलं म्हणणं स्कॅनच्या पानांना लागू आहे. स्कॅनमध्ये कागदाचा पोत आणि सेन्सरचा गोंगाट इतका असतो की एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानाला कॉम्प्रेस व्हायला फारशी मदत करत नाही. पण सगळा संग्रह स्कॅनचा नसतो. आमच्याकडे टंकलिखित संहिता आहेत, छोट्या छोट्या टेक्स्ट फाइली. एकाच नाटकाची तीन गावांत वापरलेली तीन रूपं, पदं तीच, प्रवेश पुढेमागे. अशा फाइली एकत्र बांधल्या तर दुसरी आणि तिसरी जवळजवळ फुकटात बसते. वेगवेगळ्या कॉम्प्रेस केल्या की तो फायदा साफ जातो. त्यांना टारच हवा, तोही नावाप्रमाणे लावलेला.

मेमरीबद्दल कोणी बोललं नाही. एक्सझेडच्या नवव्या पातळीला एका थ्रेडलाच ६७४ एमबीच्या आसपास लागते. आठ थ्रेड म्हणजे पाच जीबीच्या वर. मंडळांना देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकावर हे चालवलं की मेमरी अपुरी पडून मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरण्यात, अडकतं आणि एका कोअरपेक्षाही हळू चालतं. 'सगळे कोअर लावा' असा सल्ला देताना पातळी कुठली ते सांगायलाच हवं.

दोनापावला
समुद्राच्या मोजमापांच्या फाइलींवर काम करते, म्हणून थोडं वेगळं सांगते. नेटसीडीएफ-४ या शास्त्रीय मोजमापांच्या फाइल-प्रकारात डेटा आधीच चंकमध्ये (तुकड्यांत) विभागून आतल्या आत कॉम्प्रेस करता येतो. त्यात फायदा कॉम्प्रेस करणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याचा: एका खोलीवरचं तापमान हवं असेल तर तेवढेच चंक उलगडतात, सगळी फाइल नाही. जनुकांच्या डेटात बीजीझेडएफ नावाचा प्रकार याच कारणासाठी ६४ केबीचे तुकडे करतो. अशा आत कॉम्प्रेस झालेल्या फाइलींवर बाहेरून पुन्हा एक्सझेड चालवणं म्हणजे वीज वाया घालवणं. जेपीईजीचंही तेच.

आणि वेगाच्या अपेक्षा आवरा. वाचणं, लिहिणं, तुकडे ओळीने जोडणं हे एकापाठोपाठच चालतं. कामाचा दहावा भाग असा असेल तर आठ कोअरवर वेग आठपट होत नाही, ४.७ पटीच्या आसपास थांबतो. अॅमडाल यांचा १९६७ सालचा हा नियम. उलगडतानाची गोष्ट तर आणखी निराळी: पिगझने बनवलेली फाइल उलगडण्याचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. कॉम्प्रेस एकदा होतं, उलगडायचं अनेकदा, अनेकांच्या घरी.

अंत्रुजकर
फर्मागुडी, तुम्ही सांगितलेला फरक महत्त्वाचा आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. प्रोग्राम निवडताना 'किती वेळ लागतो' एवढंच विचारलं जातं, 'तुकडे सुटे आहेत का आणि सुटे काढायचं हत्यार आहे का' हे विचारलं जात नाही. बीझिप२ च्या प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला ४८ बिटांची ठरलेली खूण असते, गणितातल्या पायचे (π) आकडे आहेत ते, ३१४१५९२६५३५९. ती खूण शोधून बीझिप२रिकव्हर प्रत्येक ब्लॉक वेगळा काढतो. एलबीझिप२ हाच प्रकार सगळ्या कोअरवर बनवतो आणि उलगडतोही. एलझिप या आणखी एका प्रकाराच्या बाजूला त्याचा समांतर प्रोग्राम पीएलझिप आहे, आणि एलझिपरिकव्हर तर दोन वेगवेगळ्या जागी बिघडलेल्या प्रतींतून एक धड प्रत जोडून देतो.

बाजारबाब, एका पानाला एक फाइल हा तुमचा मार्ग स्कॅनसाठी मीही सुचवेन. पण मोठ्या ध्वनिमुद्रणांना आणि साखळीकरांच्या संहितांना तो पुरणार नाही.

शुक्रवारचा_बाजार
बिघाडाचं उत्तर ब्लॉक नव्हे, दुसरी प्रत आणि एसएचए-२५६ ची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या बेरजेची, यादी हे आहे. प्रत्येक फाइलची बेरीज लिहून ठेवा, गणपतीनंतर आणि शिगम्यानंतर ताडून बघा, चुकली तर दुसऱ्या प्रतीवरून आणा. एलझिप, पीएलझिप ही नावं दहा वर्षांनी मंडळाच्या नव्या चिटणीसाला माहीत असतील का? जीझिप सगळीकडे उघडतं. १९९२ पासूनच्या फाइली आजही उघडतात.

अंत्रुजकर
दोन्ही प्रती बहुतेक ठिकाणी एकाच कपाटात असतात, हे मी गावोगाव बघतोय. दुसरी प्रत दुसऱ्या तालुक्यात ठेवणारं मंडळ मला दाखवा, मी तिथे जीझिपला विरोध करणार नाही.

साखळीकर
आमची एक प्रत डिचोलीला नातेवाईकांकडे असते. तरीही टार एलबीझिप२ नेच करतो, कारण पावसात लाइट कधी जाईल नेम नसतो आणि यूपीएस टिकतो त्या वेळात काम उरकावं लागतं. रात्रभराचं काम आम्हाला परवडतच नाही.

फर्मागुडी
मग एक सूचना. कुठल्या प्रोग्रामची कुठली आवृत्ती, कुठली पातळी, किती थ्रेड हे फाइलीशेजारी साध्या टेक्स्टमध्ये लिहून ठेवा. एक्सझेड एका थ्रेडच्या पद्धतीने चालवलं आणि समांतर चालवलं तर मूळ डेटा तोच असूनही कॉम्प्रेस झालेली फाइल वेगळी येते, म्हणून एसएचए-२५६ जुळत नाही. बेरीज काढायची ती आतल्या मूळ टिफची काढा, बाहेरच्या पुडक्याची नंतर.